कोकणातील घर आणि झुरळे: ओळख, अटकाव आणि बंदोबस्त

झुरळांचा बंदोबस्त फवारणीपासून सुरू करू नये. आधी घरात नेमके कोणते झुरळ आहे ते पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. कोकणात याची गरज अधिकच आहे, कारण इथल्या घरांत अगदी वेगळ्या सवयींची दोन झुरळे एकाच वेळी आढळतात. मोठे, तांबूस झुरळ गटारातून, शोषखड्ड्यातून, लाकडांच्या राशीतून किंवा मोरीच्या भोकातून आत येते आणि त्याचा मुख्य संसार बाहेरच असतो. लहान, फिकट तपकिरी झुरळ मात्र माणसाच्या सामानातून घरात शिरते, स्वयंपाकघरात ठाण मांडते आणि तिथेच पिढ्यामागून पिढ्या वाढवते. पहिल्यासाठी वाटा बंद कराव्या लागतात, दुसऱ्यासाठी विषारी आमिष ठेवावे लागते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत याच्या उलट होते. मोरीतून येणाऱ्या मोठ्या झुरळांसाठी कपाटात जेलचे ठिपके लावले जातात, कपाटातल्या लहान झुरळांसाठी गटारात औषध ओतले जाते, आणि मग औषधाचा काहीच उपयोग होत नाही अशी तक्रार राहते.

कोणते झुरळ आहे ते ओळखणे

मोठे झुरळ बहुतेक वेळा अमेरिकन झुरळ असते. नाव अमेरिकन असले तरी ते मूळचे आफ्रिकेतले असून जहाजांबरोबर जगभर पसरले. पूर्ण वाढलेले झुरळ साधारण 35 ते 40 मिलिमीटर लांब आणि तांबूस तपकिरी असते. डोक्यामागच्या ढालीसारख्या भागाला पिवळसर कड असते. उकाड्याच्या रात्री ते पंख पसरून भिंतीवरून खाली तरंगत येते, त्यामुळे घरात सर्वांत जास्त घाबरगुंडी याच झुरळामुळे उडते. मादी सुमारे 8 मिलिमीटर लांबीचा गडद तपकिरी अंडकोश एखाद्या आडोशाला चिकटवून ठेवते आणि त्यातून साधारण पंधरा पिल्ले निघतात. पिल्लू मोठे व्हायला सहा महिन्यांपासून वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे हे झुरळ दिसायला भीतीदायक असले तरी त्याची वाढ संथ असते.

याच्याच कुळातले ऑस्ट्रेलियन झुरळ माडापोफळीच्या वाडीत, ओल्या पालापाचोळ्यात आणि कुंड्यांखाली राहते. ते किंचित लहान असते आणि त्याच्या पंखांच्या बाहेरच्या कडेला, खांद्याजवळ, स्पष्ट पिवळा पट्टा असतो. त्याला आवरण्याचे उपाय अमेरिकन झुरळासारखेच आहेत, म्हणून या दोघांतला फरक ओळखता आला नाही तरी काही बिघडत नाही.

खरी काळजी लहान झुरळाची करावी. त्याचे नाव जर्मन झुरळ. लांबी 12 ते 15 मिलिमीटर, रंग फिकट तपकिरी, आणि डोक्यामागच्या भागावर दोन गडद समांतर रेघा. त्याला पंख असले तरी ते उडत नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हे झुरळ सुमारे 2100 वर्षांपूर्वी बंगालच्या उपसागराभोवतीच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या भारतात किंवा म्यानमारमध्ये, आशियाई झुरळापासून वेगळे झाले आणि माणसाच्या वस्तीत राहू लागले. आज ते माणसाच्या घराबाहेर, रानात, आढळत नाही. त्यामुळे ते आपल्या घरात दिसले, तर कोणत्या तरी खोक्यातून, पिशवीतून किंवा जुन्या उपकरणातून आले आहे असेच समजावे.

या झुरळाची मादी अंडकोश पोटाला लावूनच फिरते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास तो टाकते. एका अंडकोशात 30 ते 40 अंडी असतात. एक मादी आयुष्यात असे चार ते आठ अंडकोश तयार करते. उबदार हवेत अंडी फुटायला सुमारे महिना आणि पिल्लू प्रौढ व्हायला साधारण दोन महिने लागतात. आंब्याच्या हंगामात, एप्रिल-मे महिन्यांत, सिंकखाली दोन-चार दिसली आणि दुर्लक्ष झाले, तर गणपतीला पाहुणे येईपर्यंत दुसरी पिढी कपाटभर पसरलेली असते.

तिसरे एक झुरळ क्वचित सापडते, पण त्याची राहण्याची जागा वेगळी असल्यामुळे ते माहीत असावे. जर्मन झुरळाएवढ्याच आकाराच्या या झुरळाच्या अंगावर आडवे फिकट पट्टे असतात. त्याला ओल नको, कोरडी ऊब हवी असते. म्हणून ते टीव्हीच्या मागे, सेट-टॉप बॉक्समध्ये, राउटरमध्ये, भिंतीवरच्या फोटोंच्या मागे किंवा छताजवळच्या कप्प्यात राहते. स्वयंपाकघर स्वच्छ असूनही बैठकीच्या खोलीत लहान झुरळे दिसत असतील, तर शोध तिथे घ्यावा.

रात्री दिव्याकडे उडत येणारे बारीक, फिकट झुरळ बहुधा बाहेरचे, पाचोळ्यात राहणारे असते. घरात ते टिकत नाही आणि त्याच्यासाठी औषध वापरण्याचे कारण नाही. कधी कधी एखादे पांढरेशुभ्र झुरळ दिसते. ती वेगळी जात नसून नुकतीच कात टाकलेले झुरळ आहे. काही तासांत त्याचा रंग परत येतो.

रात्रीची पाहणी

झुरळे उजेड टाळतात आणि दिवसाचा बहुतेक वेळ फटीत बसून काढतात. दिवसा, भरउजेडात लहान झुरळे फिरताना दिसू लागली, तर फटींत जागा उरलेली नाही, म्हणजे संख्या फार वाढली आहे, असा त्याचा अर्थ होतो. पाहणीसाठी जेवणखाण आटोपून, दिवे मालवून दोनेक तास झाल्यावर टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात जावे. झुरळांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, म्हणून टॉर्चच्या काचेवर तांबडा जिलेटीन कागद लावला तर ती लगेच पळत नाहीत आणि कुठून येतात, कुठे जातात हे शांतपणे पाहता येते.

फ्रिज पुढे ओढून मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरजवळ, नीट पाहावे. तिथे ऊब असते आणि खालच्या ट्रेमध्ये पाणी साचते, त्यामुळे जर्मन झुरळाला ती जागा फार मानवते. फ्रिजच्या दाराचे रबर बोटाने अलगद उलगडून पाहावे. त्या घडीत मिरपुडीसारखे काळे बारीक ठिपके दिसले, तर ती लहान झुरळांची विष्ठा होय. तसेच ठिपके कपाटाच्या बिजागरीभोवती, ड्रॉवरच्या पट्टीत, मिक्सरच्या बुडाशी आणि गॅसच्या ओट्याखालच्या कडप्प्याच्या सांध्यात सापडतात. या विष्ठेचा वास इतर झुरळांना त्या जागेकडे ओढतो, म्हणून असे ठिपके साबणाच्या पाण्याने पुसून काढणे हा बंदोबस्ताचाच भाग आहे. मोठ्या झुरळाची लेंडी जाड, बोथट टोकांची आणि लांबीच्या दिशेने बारीक कंगोरे असलेली असते. उंदराची लेंडी टोकाला निमुळती असते. माळ्यावर किंवा लाकडाच्या खोलीत हा फरक तपासावा, नाहीतर उंदरांचे काम झुरळांच्या नावावर जाते.

एका रात्रीच्या पाहणीवर अवलंबून न राहता चिकट सापळे लावावेत. भिंतीच्या कडेला, सिंकखाली, फ्रिजमागे, मोरीजवळ आणि कोठीच्या खोलीत एकेक सापळा ठेवून त्यावर तारीख आणि जागा लिहावी आणि आठवड्याने पाहावे. सापळ्यांनी झुरळे संपत नाहीत. ती कुठे आहेत आणि उपायांनंतर कमी होत आहेत का, हे मात्र त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही. विकतचा सापळा मिळाला नाही, तर काचेच्या बरणीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाकावा, आतल्या बाजूला तोंडाजवळ व्हॅसलिनचा थर द्यावा आणि चढता यावे म्हणून बाहेरून खडबडीत कागद गुंडाळावा. आत उतरलेल्या झुरळाला निसरड्या काठावरून बाहेर पडता येत नाही. सकाळी बरणीत साबणाचे पाणी ओतले की झाले.

वाटा बंद करणे

पावसाळ्यात गटारे आणि शोषखड्डे भरतात, तेव्हा मोठी झुरळे कोरड्या जागेच्या शोधात वर येतात. कोकणात चार महिने पाऊस असा कोसळतो की हे स्थलांतर दर वर्षी होणारच, असे धरून ज्येष्ठाच्या आधीच तयारी करावी.

पहिले काम मोरीचे. न्हाणीघरातल्या आणि मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये कायम थोडे पाणी उभे राहते आणि त्या पाण्यामुळेच गटारातला वास व किडे वर येत नाहीत. घर बंद राहिले की हे पाणी काही आठवड्यांत सुकते आणि सेप्टिक टँकपासून न्हाणीघरापर्यंतचा रस्ता उघडा होतो. मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांच्या, वर्षातून दोनदा उघडल्या जाणाऱ्या घरांत दार उघडताच मोठी झुरळे दिसतात, त्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते. घराच्या जुनेपणाचा त्यात फारसा दोष नसतो. घर बंद करण्याच्या दिवशी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून त्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडावे. तेलाच्या थरामुळे पाणी हळू सुकते. थंडीत खोबरेल गोठते, म्हणून गोडेतेल बरे. त्यानंतर जाळीवर जाड प्लास्टिक पसरून त्यावर चिरा किंवा जड पाटा ठेवावा. कमोडचे झाकण बंद करून बेसिनच्या आणि सिंकच्या तोंडांना बूच लावावे. शेजारी घराची चावी असेल, तर महिन्यातून एकदा ट्रॅपमध्ये पाणी ओतण्याची विनंती त्यांना जरूर करावी.

राहत्या घरात जाळी बारीक भोकांची हवी. मोठे झुरळ अंग चेपून सुमारे 3 मिलिमीटरच्या फटीतून जाऊ शकते, हे प्रयोगांत मोजले गेले आहे; त्यामुळे बाजारातल्या मोठ्या भोकांच्या जाळीखाली स्टीलची बारीक जाळी घालावी. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपाला वर जाळी बांधावी, चेंबरच्या झाकणांच्या कडा सिमेंटने किंवा निदान ओल्या मातीने लिंपून घ्याव्यात, आणि भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाभोवतीची पोकळी भरून काढावी. सिंकखालचा पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे बहुतेक घरांत चांगली दोन बोटांची भगदाडे असतात आणि वर्षानुवर्षे ती कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

जांभ्याच्या घरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. चिऱ्याला अंगचीच भोके असतात आणि गिलावा नसलेल्या भिंतीत सांधेही मोकळे होतात. सगळे घर गिलावा करून घेण्याची आवश्यकता नाही. परंतु स्वयंपाकघर, कोठी आणि न्हाणीघर या तीन जागी चिऱ्यांचे सांधे चुन्याने किंवा सिमेंटने भरून घ्यावेत आणि जमिनीपासून दीड-दोन हातांपर्यंत तरी गिलावा असावा. दाराच्या चौकटी आणि भिंत यांमधल्या फटी विसरू नयेत. कौलारू छप्पर मात्र कधीच पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे त्यामागे लागू नये. त्याऐवजी माळ्यावरची अडगळ कमी करावी, कारण जुन्या चटया, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि फुटके पिंप यांच्यामुळेच तिथे झुरळांना राहायला जागा मिळते.

घराबाहेर पाहिले, तर जळाऊ लाकडे, शेणी, सोडणे (नारळाची सुकी साले) आणि झावळ्या पावसाच्या तोंडावर पडवीत किंवा न्हाणीच्या चुलीजवळ भिंतीला टेकवून रचण्याची पद्धत आहे. ती समजण्यासारखी आहे, कारण भिजलेले लाकूड पेटत नाही. पण पावसाळाभर झुरळांना कोरडी, अंधारी आणि सुरक्षित जागा आपणच तयार करून देतो. शक्य असेल तर ही रास मांगरात किंवा घरापासून वेगळ्या छपराखाली, जमिनीपासून वितभर उंच फळ्यांवर ठेवावी. घरातच ठेवावी लागली, तर भिंतीपासून हातभर लांब रचावी आणि रोज लागेल तेवढेच लाकूड झटकून आत आणावे.

सामानाची तपासणी

जर्मन झुरळ येते ते खोक्यांतून. पन्हाळी पुठ्ठ्याच्या पोकळ्यांत ते आणि त्याची पिल्ले आरामात मावतात. दुकानातून आलेली खोकी, पार्सले, अंड्यांचे ट्रे आणि गोणपाट अंगणातच रिकामे करावेत आणि खोके स्वयंपाकघरात किंवा कपाटावर जपून ठेवू नये. आंब्याच्या दिवसांत घरोघरी पुठ्ठ्याच्या पेट्यांचे ढीग लागतात. वापरलेल्या पेट्या परत भरण्यासाठी आणताना त्या उन्हात उघड्या करून झटकाव्यात. मच्छीमार कुटुंबांनी ट्रॉलरवरून घरी येणारे डबे, शिधा आणि अंथरूण यांच्याकडे लक्ष द्यावे, कारण जेवण रांधण्याची सोय असलेल्या बोटीवर झुरळे हमखास असतात. मुंबईत नवा फ्रिज घेतल्यावर जुना गावच्या घरी पाठवण्याची पद्धत तर सर्रास आहे. असा फ्रिज, मिक्सर किंवा मायक्रोवेव्ह आल्यावर तो थेट आत न नेता पडवीत दोन-तीन दिवस ठेवावा आणि आत व भोवती चिकट सापळे लावावेत. एक जरी लहान झुरळ अडकले, तरी उपाय करून मगच उपकरण आत न्यावे.

पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुकट, बोंबील, आमसुले, आंबापोळी, फणसाचे साठ, कुळीथ असे जे काही साठवले जाते, ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा काचेच्या भांड्यांत ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीला रबर बांधले म्हणजे ती बंद झाली असे समजू नये. फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरण्याची सवय सोडावी. कागदाखालची जागा लहान झुरळांना फार आवडते.

अन्नापेक्षाही पाणी महत्त्वाचे आहे. जर्मन झुरळ नुसत्या पाण्यावर महिनाभर जगू शकते, पण अन्नपाणी दोन्ही नसेल तर दोन आठवडेही काढत नाही. गळणारा नळ, माठाखाली साचलेले पाणी, रात्रभर ओला राहिलेला स्पंज, फ्रिजखालचा ट्रे, भांड्यांच्या टोपलीखालचे ताट यांपैकी प्रत्येक गोष्ट रोज झोपण्यापूर्वी पाहावी आणि ओटा व सिंक कोरड्या फडक्याने पुसावे. पावसाळ्यातली हवेतली ओल आपल्या हातात नसली, तरी उभे पाणी नक्कीच आपल्या हातात असते.

औषधोपचार

लहान झुरळांवर आज घरच्या घरी करता येणारा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे जेलचे आमिष. त्यात इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल यांसारखे कीटकनाशक असते. ते खाऊन झुरळ फटीत परतते आणि तिथे मरते. त्याची विष्ठा आणि मृत शरीर खाणारी पिल्लेही त्या विषाने मरतात. जेल वापरताना मोठे गोळे लावण्याऐवजी 3-4 मिलिमीटरचे पुष्कळ ठिपके लावावेत, आणि ते मोकळ्या भिंतीवर न लावता विष्ठेचे डाग जिथे सापडले होते तिथे लावावेत: बिजागरीच्या आत, ड्रॉवरच्या मागे, सिंकच्या पाइपाभोवती, फ्रिजच्या मागच्या खालच्या पट्टीत. डाग आधी पुसावेत, जागा कोरडी होऊ द्यावी, मग जेल लावावे. ज्या भागात जेल आहे तिथे फवारा मारू नये, खडू ओढू नये आणि फिनेल लावू नये, कारण झुरळे मग त्या आमिषाकडे फिरकत नाहीत. आमच्याकडच्या दमट हवेत ठिपक्यांवर बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहून खराब झालेले ठिपके खरडून नवे लावावेत.

जेल लावूनही झुरळे ते खात नाहीत असे दिसले, तर वेगळ्या घटकाचे, वेगळ्या कंपनीचे जेल घ्यावे. अमेरिकेत 1993 मध्ये असे लक्षात आले होते की, काही जर्मन झुरळांना आमिषातले ग्लुकोज आवडेनासे झाले आहे. गोड खाणारी मेली आणि न खाणारी उरून वाढली. त्यामुळे एकच जेल वर्षानुवर्षे वापरत राहू नये.

बोरिक पावडर स्वस्त आणि उपयोगी आहे, मात्र कोरड्या जागीच. पावडरीचा थर डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ हवा. ढीग घातले तर झुरळे त्यांना वळसा घालून जातात. फ्रिजमागे, कपाटाच्या पाठीमागच्या पोकळीत, स्विचबोर्डाजवळच्या लाकडी पट्टीमागे ती चांगली टिकते, पण मोरीजवळ किंवा ओलीच्या भिंतीला तिचे खडे होतात. आमिष करायचे असेल, तर एक भाग बोरिक पावडर, एक भाग पिठीसाखर आणि तीन भाग कणीक पाण्याने घट्ट मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात, त्या बाजूला भोके पाडलेल्या छोट्या डब्यांत ठेवाव्यात आणि डब्यांवर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे. गोड कणकेची गोळी लहान मुलाच्या तोंडात सहज जाऊ शकते, म्हणून रांगते मूल घरात असेल तर गोळ्या करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फवाऱ्याच्या डब्याचा उपयोग समोर आलेले एखादे मोठे झुरळ मारण्यापुरता आहे. लहान झुरळांवर तो मारला, तर काही मरतात आणि बाकीची घाबरून शेजारच्या खोलीत पसरतात. शिवाय या डब्यांत नेहमी असणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना जर्मन झुरळे अनेक ठिकाणी दाद देईनाशी झाली आहेत. खडूतही त्याच गटातले औषध असते. एखादे मोठे झुरळ मारण्यासाठी साबणाच्या पाण्याचा फवाराही पुरतो: साबणामुळे पाणी त्याच्या अंगावरच्या श्वासरंध्रांत शिरते.

लवंग, तमालपत्र, काकडीच्या साली, कडुनिंबाचा पाला हे उपाय घरोघरी सांगितले जातात. उग्र वासाने झुरळ फार तर थोडा वेळ दुसऱ्या कोपऱ्यात सरकते, वस्ती संपत नाही. डांबर गोळ्या तर स्वयंपाकघरात ठेवूच नयेत. त्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ तान्ह्या मुलांना, विशेषतः ज्यांच्या रक्तात जी-6-पीडी हे विकर कमी असते अशा मुलांना, घातक ठरू शकते. अल्ट्रासोनिक यंत्रांवर पैसे घालवू नयेत.

मोठ्या झुरळांसाठी, वाटा बंद केल्यानंतरही त्रास राहिला तर, चेंबर आणि गटारात व्यावसायिकाकडून उपचार करून घ्यावा. त्याच्याकडे परवाना आहे का, तो कोणते औषध किती प्रमाणात वापरणार आहे, हे आधी विचारावे आणि मूळ डबा पाहावा. भारतात कीटकनाशकांच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण छापणे बंधनकारक आहे: तांबडा अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. कोणी शेतीचे औषध बाटलीत ओतून आणून देत असेल, तर ते घेऊ नये. पूर्वी घरात सर्रास वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस भारतात 2020 च्या अखेरीपासून बंद आहे. जुनी बाटली घरात पडून असेल तरी ती उघडू नये.

फवारणी करताना गॅस रेग्युलेटरपाशी बंद करावा आणि देवघरातला दिवाही मालवावा, कारण फवाऱ्यातला वायू पेट घेतो. पायरेथ्रॉइड मासे आणि खेकड्यांना अतिशय घातक असतात, तर त्याच गटातले परमेथ्रिन मांजरांनाही बाधते. परसात विहीर, शेजारून व्हाळ किंवा पाट वाहत असेल, तर त्या बाजूला फवारणी करू नये आणि उरलेले औषध किंवा धुतलेल्या पंपाचे पाणी तिकडे ओतू नये. जोराचा पाऊस अपेक्षित असताना बाहेरची फवारणी पुढे ढकलावी. कोणाच्या पोटात औषध गेले, तर ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता 108 वर फोन करावा आणि डबा बरोबर घेऊन रुग्णालयात जावे.

नंतरची साफसफाई आणि देखरेख

झुरळे मेल्यावर काम संपत नाही. त्यांची विष्ठा, कात आणि सुकलेली शरीरे यांची धूळ होते आणि या धुळीने अनेकांना, विशेषतः लहान मुलांना, दम्याचा त्रास वाढतो. म्हणून मेलेली झुरळे केरसुणीने कोरडी झाडू नयेत. ओल्या फडक्याने टिपून, पिशवीत बांधून टाकावीत आणि जागा साबणाच्या पाण्याने पुसावी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे करता येत नाही, तिथे वरचा थर हलकेच खरडून पुन्हा सारवावे आणि भेगा बुजवाव्यात. झुरळे गटारातून आणि कचऱ्यातून फिरून साल्मोनेलासारखे जिवाणू अंगावरून वाहून आणतात, त्यामुळे रात्री उघड्या राहिलेल्या ताटवाट्या वापरण्यापूर्वी पुन्हा धुवाव्यात.

जर्मन झुरळांच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात संख्या झपाट्याने कमी होते आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. अंडकोशांतून मागाहून निघणारी पिल्ले शिल्लक असतात, म्हणून तीन-चार आठवड्यांनी जेल पुन्हा लावावे आणि सापळे निदान दोन महिने चालू ठेवावेत. गणपतीसाठी घर तयार करायचे असेल, तर पहिले जेल आषाढातच लावावे. ऐन सणात माणसांची वर्दळ, रात्रभर ठेवलेला नैवेद्य, माटवीला (गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला) बांधलेली फळे आणि मुंबईहून आलेल्या बॅगा, असे सगळे एकदम येते. त्या दिवसांत मखराजवळ फवारणी करण्यापेक्षा रात्री नैवेद्य झाकून ठेवावा आणि पाहुण्यांच्या बॅगा स्वयंपाकघरापासून लांब, शक्यतो ओटीवरच ठेवाव्यात.

घरातल्या पाली, भिंतीवरचे मोठे चपटे कोळी आणि परसातली चिचुंद्री झुरळे खातात, त्यांना मारू नये. पावसाळ्यात खिडकीपाशी एक बारीक काळी माशी पोट वर-खाली हलवत फिरताना दिसते. ती प्रत्यक्षात गांधीलमाशीच्या गणातली असून मोठ्या झुरळांच्या अंडकोशात अंडी घालते, आणि तिची अळी आतली सगळी अंडी फस्त करते. माणसाला ती चावत नाही. ती घरात वारंवार दिसत असेल, तर जवळपास मोठ्या झुरळांचे अंडकोश आहेत असे समजून माळा आणि लाकडाची खोली पुन्हा एकदा तपासावी.